[मंडळ-गप्पा] रि: रि: फ्रेमा १६×२० आल्यात, आता फोटो कापायचे का?

प्रेषक: डोंबिवलीकर
मंगळवार, रात्री १०:४२

मंडळी,
ओहायोतल्या आपल्या मंडळाच्या फोटो-प्रदर्शनासाठी खजिनदारांनी धावपळ करून फ्रेमा आणल्या, आभार वगैरे आहेतच. पण १६×२०? कोणाला विचारून? माझे चारही फोटो ३:२ (रुंदी:उंची) आहेत, आणि कॅमेऱ्यावर काढणाऱ्या बहुतेकांचे तसेच असणार. १६ इंच उंची भरायची तर रुंदी होते २४. म्हणजे ४ इंच सरळ कात्रीत. सहावा हिस्सा! काजव्यांच्या फोटोत नेमकं त्या सहाव्या हिश्श्यात हिरड्याचं झाड आहे. झाड गेलं की उरतो काळा कागद आणि त्यावर हळद सांडल्यासारखे ठिपके.
प्रिंटला गुरुवारी रात्री द्यायचंय. कोणीतरी लवकर बोला.

---
प्रेषक: खजिनदार
मंगळवार, रात्री ११:०५

> कोणाला विचारून?

तुम्हालाच. जुलैच्या मीटिंगमध्ये आपण म्हणालात, "काहीही आणा, फक्त काच नको, चमकते." मिनिट्समध्ये आहे. काच नाहीये, ॲक्रिलिक आहे. २४ नग अर्ध्या किमतीत मिळाले आणि परत घेणार नाहीत. गेल्या वर्षी फोमबोर्डवर चिकटवलेले फोटो महाप्रसादाच्या वाफेने पापडासारखे वळले होते, तेव्हा सगळ्यात जास्त ओरडा कोणी केला होता तेही मिनिट्समध्ये आहे.

---
प्रेषक: बंटी
मंगळवार, रात्री ११:१९

माझा फोनचा आहे, ४:३. जेमतेम सव्वा-दीड इंच जातोय. मला काहीच प्रॉब्लेम नाही.

---
प्रेषक: डोंबिवलीकर
मंगळवार, रात्री ११:२७

बंटी, तुझ्या ऑरोरात (ध्रुवीय प्रकाशात) वर आकाश आणि खाली लेक ईरी. कुठूनही कापलं तरी ऑरोराच राहतो. माझी गोष्ट वेगळी आहे.

---
प्रेषक: वाचनालय (मावशी)
बुधवार, सकाळी ६:५०

फ्रेमांचं तुमचं काय ते ठरवा. मी आधीच सांगून ठेवते: हॉलच्या भिंतीला खिळा ठोकायचा नाही आणि वाचनालयाचे बोर्ड मिळणार नाहीत. गेल्या खेपेला दिले होते, दिवाळी अंक लावायला परत घेतले तेव्हा टाचण्यांनी चाळण झालेली. फ्रेमा टेबलावर उभ्या करा नाहीतर ईझल आणा.

---
प्रेषक: पार्मावाले
बुधवार, सकाळी ७:१५

उकडीच्या मोदकांचे साचे कोणाकडे राहिलेत? सहा होते. माझ्याकडे दोनच आलेत.

---
प्रेषक: अप्पा
बुधवार, सकाळी ९:३३

सर्वांस नमस्कार.
मापाचं होईल काहीतरी. मला वेगळंच खटकतंय. प्रत्येक फोटोखाली "चित्रामागची गोष्ट" अशी पाटी लावायची ठरली आहे, तर त्या पाटीवर खरं लिहा. डोंबिवलीकरांचा काजव्यांचा फोटो मी पाहिला आहे. देखणा आहे, वाद नाही. पण त्यांनीच मला सांगितलं की ते चाळीस फोटो एकावर एक चढवलेत. मग तो फोटो कसा? कोलाज म्हणा. माणूस तिथे उभा राहिला तर त्याला तसं दिसेल का? नाही. बंटीच्या ऑरोराचंही तेच. मीही त्या रात्री अंगणात होतो, मला काही असलं लाल-हिरवं दिसलं नाही. पुसट राखाडी होतं, एका बाजूला जरा गुलाबी झाक.
आमच्या वेळी क्लिक थ्री कॅमेऱ्याच्या रोलमध्ये बारा फोटो. बारा म्हणजे बारा. दाबण्याआधी माणूस विचार करायचा.

---
प्रेषक: बंटी
बुधवार, सकाळी १०:०२

अप्पा, १० मे २०२४ ला मी लेकच्या काठावर होतो, हेडलँड्सच्या बाजूला. डोळ्यांना मलाही आधी ढगच वाटला. अंधारात आपल्या डोळ्याला रंग फार कमी कळतो, त्यात फोन जे बघतो ते दहा सेकंद साठवून ठेवतो. रंग खरेच असतात. हिरवा आणि लाल दोन्ही ऑक्सिजनमुळे, लाल खूप वरच्या विरळ हवेतला. जी-५ म्हणजे सगळ्यात वरच्या पातळीचं भूचुंबकीय वादळ होतं, २००३ नंतर पहिलंच.
आणि ट्रायपॉड नव्हता. फोन बुटाला टेकवून वाळूत उभा केला आणि तीन सेकंदांचा टायमर लावला, नाहीतर बटण दाबताना हलतो. पाटीवर हेच लिहिलंय.

---
प्रेषक: डोंबिवलीकर
बुधवार, दुपारी १२:४०

अप्पा, आपल्याबद्दल आदर आहे म्हणून सविस्तर लिहितो.

पुरुषवाडी, अकोले तालुका, जूनचा पहिला आठवडा. पाऊस आला की काजव्यांचा खेळ संपत येतो, म्हणून वळवाच्या एक-दोन सरी झाल्या की मृगाचा पाऊस धरायच्या आत जायचं. मी सुट्टीत पुण्याला आलो होतो, भाऊ म्हणाला आज रात्रीच निघू. उजेड असतानाच ट्रायपॉड लावला, झाडावर फोकस केला आणि लेन्सची रिंग चिकटपट्टीने बांधून टाकली. अंधारात फोकस होत नाही. मग ३० सेकंदांचा एक, असे बेचाळीस. मध्ये एका गाडीवाल्याने हेडलाइट मारला, ते दोन फेकले. टॉर्च नाही, मोबाइलचा उजेड नाही. उजेड पडला की काजवे बिथरतात, लुकलुकणं थांबवतात, आणि बाजूला बसलेला गावातला मुलगा शिव्या देतो ते वेगळंच.

कॉम्प्युटरवर एकच केलं: प्रत्येक जागी चाळीसपैकी सगळ्यात उजळ ठिपका ठेवला. त्यात एकही काजवा मी रंगवलेला नाही. वीस मिनिटांत त्या झाडावर जेवढे चमकले तेवढेच आहेत. माणूस वीस मिनिटं तिथे बसला तर त्याला हे सगळे दिसतात की! फक्त एकदम दिसत नाहीत. पाटीवर "४० एक्सपोजर" असं लिहिणारच होतो. कोलाज म्हणणार नाही.

आणि हिरड्याशिवाय लावणार नाही.

---
प्रेषक: सोलनवहिनी
बुधवार, दुपारी २:१६

> मध्ये एका गाडीवाल्याने हेडलाइट मारला, ते दोन फेकले.

फेकायचं धैर्य आहे हं तुमच्याकडे. ग्रहणाच्या दिवशी खग्रास सुरू झाल्यावर दीड मिनिट लेन्सवरचा फिल्टर काढायचा विसरलात, तेव्हा कोणाला फेकलंत? चार मिनिटंही मिळाली नव्हती उभ्या आयुष्यात. ओहायोत पुढचं खग्रास २०९९ ला.

माझा फोटो तुम्हा सगळ्यांना माहीत आहे, ड्राइव्हवेवरच्या चंद्रकोरींचा. पाटीसाठी गोष्ट लिहिली ती अशी (जास्त झाली तर समितीने कापावी, फोटो कापण्यापेक्षा बरं):

८ एप्रिल २०२४, सोमवार. दुसऱ्या दिवशी पाडवा, म्हणून डाळ शिजवून पुरणयंत्र ओट्यावर काढलेलं. तेवढ्यात सासूबाईंचा पुण्याहून फोन, तिकडे मध्यरात्र. म्हणाल्या, "इकडे दिसत नाही म्हणजे आम्हाला पाळायचं नाही, पण तुमच्याकडे दिसतंय ना? मग आज पुरण कसलं वाटतेस?" मी म्हटलं वाटत नाहीये, जाळी घेऊन बाहेर चाललेय. एक वाचलं तर खरंच होतं: बारीक भोकातून सूर्याचं बिंब जमिनीवर उमटतं, आणि सूर्याची कोर झाली की त्या बिंबाचीही कोर होते.

बाहेर गेले, जाळी कमरेइतक्या उंचीवर धरली, तर काहीच नाही. नुसता पांढुरका डाग. नंतर लक्षात आलं, कमरेइतक्या उंचीवरून प्रत्येक भोकाची कोर जवळपास नखाएवढी पडते, आणि पुरणयंत्राची भोकं एकमेकांना चिकटून. सगळ्या कोरी एकीवर एक चढलेल्या! जाळी खाली आणली तर कोर न दिसता भोकाचाच गोल दिसायचा. आत गेले, भिजवलेली कणीक घेतली, आणि दोन सोडून एक भोक मोकळं ठेवून बाकीची कणकेने बुजवली. पाच मिनिटं गेली. परत आले तेव्हा ड्राइव्हवेवर लख्ख पंचवीस-तीस कोरी, सगळ्या एकाच बाजूला वळलेल्या. एका हातात जाळी, एका हातात फोन. खालच्या कोपऱ्यात माझा कणकेचा अंगठा आलाय तो त्यामुळे.

आता अडचण. फोन बदलला तेव्हा मूळ फोटो गेला. माझ्याकडे आहे तो मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून परत उतरवलेला. चालेल का?

---
प्रेषक: प्रदर्शन समिती
बुधवार, दुपारी ३:०८

वहिनी, तपासला. १६००×१२०० पिक्सेल आहे, व्हॉट्सॲप बारीक करून पाठवतं. २० इंचांवर ताणला तर इंचाला ८० पिक्सेल पडतात, कोरींना दात येतील.
बाकीच्यांनो, कृपा करून फोटो "डॉक्युमेंट" म्हणून पाठवा, गॅलरीतून नको. अर्ध्या लोकांनी गॅलरीतूनच पाठवलेत. हे सांगायची ही चौथी वेळ.

---
प्रेषक: अप्पा
बुधवार, दुपारी ४:२०

वहिनींचा फोटो खरा. त्यात शंका नाही.
१६ फेब्रुवारी १९८० चं ग्रहण आठवलं. मुंबईत खंडग्रासच होतं, तरी दुपारी गिरगावात रस्त्यावर कुत्रं नव्हतं. दारं-खिडक्या बंद. मी गॅलरीत जाऊन रिकाम्या रस्त्याचे दोन फोटो काढले म्हणून आजीने मला आंघोळ घातली, आणि मी तेव्हा नोकरीला लागलेला.
डोंबिवलीकरांचं "वीस मिनिटं बसला तर दिसतात" हे पटण्यासारखं आहे, पण फोटो म्हणजे एक क्षण. माझा आग्रह कायम.

---
प्रेषक: बंटी
बुधवार, दुपारी ४:३१

अप्पा, मग तुमच्या आजींच्या... सॉरी, आईंच्या फोटोच्या पाटीवर काय लिहायचं? मीच स्कॅन केलाय तो. त्यात दोन क्षण आहेत ना?

---
प्रेषक: अप्पा
बुधवार, सायंकाळी ५:४८

तो वेगळा विषय आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो.
विसर्जनाचा दिवस. आई गॅलरीच्या कठड्याला धरून उभी, तिचा एक काढला. क्लिक थ्रीमध्ये फोटो काढल्यावर वरची कळ फिरवायची, मागच्या लाल काचेत पुढचा आकडा येईपर्यंत. न फिरवता परत खटका दाबला तर कॅमेरा अडवत नाही, त्याच जागी दुसरा उठतो. नेमके तेव्हाच ढोल कोपऱ्यावर आले, मी वाकून मिरवणुकीचा काढला आणि कळ फिरवायला विसरलो. रोल धुऊन आला तेव्हा आईच्या पातळावरून माणसं चाललेली. खांद्यापाशी गुलालाचा ढग, म्हणजे काळ्या-पांढऱ्यात राखाडी. वडील चिडले, एक फोटो फुकट गेला म्हणून. आईने तो देवघरातल्या डब्यात ठेवला.
माझं चुकून झालं. चुकून झालेलं खोटं नसतं. डोंबिवलीकरांनी ठरवून केलंय.

---
प्रेषक: डोंबिवलीकर
बुधवार, सायंकाळी ५:५५

अप्पांचा चौकोनी आहे, ६×६ सेंटिमीटरच्या निगेटिव्हचा. तो १६×२० मध्ये कसा बसवणार? कोणाला तरी माझा मुद्दा कळतोय का आता?

---
प्रेषक: चित्रकला वर्ग (ताई)
बुधवार, रात्री ८:३७

सगळं वाचलं. फोटो कापायची गरजच नाही हो. मॅट लावा. मॅट म्हणजे फोटोभोवतीचा जाड पांढरा पुठ्ठा, मध्ये खिडकी कापलेला.

३:२ वाले: प्रिंट १०×१५ काढा. १६×२० मध्ये मधोमध ठेवला की दोन बाजूंना ३ इंच, दोन बाजूंना अडीच. डोळ्याला सारखंच दिसतं. १२×१८ काढू नका, एका बाजूला २ आणि दुसरीकडे १ उरतो, उंचीला बारीक झालेल्या परकरासारखं दिसतं. खिडकी ९¾×१४¾ कापायची, म्हणजे प्रिंटच्या कडा आत दबतात.
अप्पांचा: १०×१०.
वहिनींचा: ८×६, म्हणजे इंचाला २०० पिक्सेल पडतील, सुंदर येईल. छोटा फोटो मोठ्या मॅटमध्ये उलट माणसाला जवळ ओढतो. अंगठा कापू नका.

मॅट कटर वर्गाचा आहे, मुलांचा. मी सोडून कोणी हात लावायचा नाही. पातं ४५ अंशांत तिरकं असतं, आणि दोन वर्षांपूर्वी कोणी त्याने थर्माकोल कापला ते मला माहीत आहे, नाव घेत नाही. शुक्रवारी संध्याकाळी माझ्या गॅरेजमध्ये या, पट्टी धरायला दोघे लागतील.

---
प्रेषक: वाचनालय (मावशी)
बुधवार, रात्री ९:०१

थर्माकोल मी कापला होता. मखराचा. विचारून.

---
प्रेषक: डोंबिवलीकर
बुधवार, रात्री ९:१४

१०×१५ मान्य. झाड वाचलं. शुक्रवारी मी येतो पट्टी धरायला. अप्पा, तुम्ही येणार असाल तर सहा वाजता घ्यायला येतो. पाटीवर "४० एक्सपोजर, २० मिनिटं" असं लिहिलंय, बघून घ्या.

---
प्रेषक: अप्पा
बुधवार, रात्री ९:२६

साडेपाचला या. सहाला जेवतो.
पाटी वाचली. "पुरुषवाडी" मध्ये रु ऱ्हस्व.

---
प्रेषक: खजिनदार
बुधवार, रात्री १०:५०

मॅटबोर्डाच्या पावत्या माझ्याकडे, फोटो काढून नाही, कागद. आत्ताच यादी मोजली. फ्रेमा २४, आलेले फोटो २६. डोंबिवलीकर, आपले चार आहेत.