तलावातल्या ट्राउटसाठी फ्लोट ट्यूब: काय घ्यावं, कसं वापरावं?

उथळपाणी:
नदीत उभं राहून फ्लाय फिशिंग (फ्लाय, म्हणजे किड्यासारखा सजवलेला गळ, फेकून मासेमारी) करता येतं. ९ फुटी ५ वेटचा (५ नंबर वजनाच्या लाइनसाठीचा) रॉड आणि फ्लोटिंग लाइन आहे. आता तलावात ट्राउटसाठी जायचंय. काठावरून लाइन पोचत नाही, म्हणून फ्लोट ट्यूब (हवा भरलेली, बसून पायांनी चालवायची तरंगती सीट) घ्यायचा विचार आहे. गोल घ्यावी की व्ही आकाराची? हाच रॉड चालेल का? आणि मासा किती खोल आहे हे कसं ओळखायचं? तलाव म्हणजे सगळीकडे सारखंच पाणी दिसतं.

पाणकावळा:
गोल ट्यूब नको. ती चारी बाजूंनी बंद असते, त्यामुळे फिन्स (पोहायचे रबरी पंख) चढवलेले पाय आत घालताना कसरत होते आणि अडचणीत पटकन बाहेर पडता येत नाही. पुढून उघडी यू किंवा व्ही घ्या. ट्यूब कायम पाठीच्या दिशेने चालते, त्यामुळे व्हीचं टोक पाणी कापतं आणि पायांवर ताण कमी येतो. सीट जितकी उंच तितकं चांगलं: कंबर पाण्याबाहेर राहते, थंडी कमी वाजते, कास्टही (लाइनची फेक) सुधारतो. डावी-उजवीकडचे ब्लॅडर (आतल्या हवेच्या पिशव्या) वेगवेगळे आहेत ना, तेवढं बघून घ्या. एक फुटला तरी दुसऱ्यावर काठ गाठता येतो.

हवेबद्दल लोक हमखास गाफील राहतात. काठावर टणक भरलेली ट्यूब थंड पाण्यात गेली की आतली हवा आकसते आणि ट्यूब मऊ पडते. दहा-पंधरा मिनिटांनी काठाशी येऊन पुन्हा हवा भरायची. उलट, टणक ट्यूब बाहेर काढून उन्हात टाकली तर शिवण उसवते किंवा ब्लॅडर फुटतो. बाहेर काढल्या काढल्या थोडी हवा सोडा.

वेडर्सवर (पाणी न शिरणारी उंच विजार) कंबरेला पट्टा घट्ट हवाच. आत लोकर किंवा फ्लीस घाला. सुती कपडा घामाने ओला झाला की अंग गार पाडतो. लाइफ जॅकेट अंगावर, मागच्या खिशात नव्हे.

संथलाट:
५ वेटचा रॉड चालेल, पण ९ फूट जरा तोकडा. बसलेलं असताना हात पाण्यापासून फार वर नसतो, त्यामुळे बॅककास्ट मागे पाण्यावर आपटतो. १० फुटी ६ वेट मिळाला तर उत्तम. नाहीतर बॅककास्ट मागे न फेकता वर फेकायची सवय लावा.

रॉडपेक्षा लाइनवर आधी खर्च करा. तुमच्या फ्लोटिंगच्या जोडीला एक इंटरमीडिएट. ती सेकंदाला साधारण ४-५ सेंटिमीटर बुडते, म्हणजे दोन मीटरवर जायला पाऊण मिनिट. खोली शोधायची ती मोजूनच. लाइन पडली की २० आकडे मोजून ओढा, पुढच्या वेळी ३०, मग ४०. फ्लायवर पाणगवत येऊ लागलं की पाच आकडे कमी करा. बहुतेकदा मासा तिथेच, गवताच्या डोक्यावर असतो.

अख्खा तलाव पालथा घालायची गरज नाही. उथळ भाग जिथे एकदम खोल होतो ती कड, पाणगवताची बाहेरची किनार, ओढा येऊन मिळतो ते तोंड: आधी हे बघा. ३ ते ६ मीटर पाणी हा चांगला पट्टा. उन्हाळ्यात मात्र वरचं पाणी तापतं आणि ट्राउट खाली गारव्याला जातो. दोरीला थर्मामीटर बांधून सोडा. पाणी २० अंश सेल्सियसच्या वर असेल तर गळ गुंडाळा, सोडलेला मासाही जगेलच असं नाही.

पाणकावळा:
नवीन तलावात सुरुवात ट्रोलिंगने करा. ८ किंवा १० नंबरची वूली बगर (केसाळ फ्लाय), २०-२५ मीटर लाइन बाहेर, आणि सावकाश पाय मारत कडेकडेने जायचं. सतत एका वेगाने नको. पाच-सहा फटके, मग थांबा. फ्लाय खाली जाते, पुन्हा पाय मारले की वर उचलली जाते, आणि चावा बहुधा तेव्हाच येतो. रॉड थेट फ्लायच्या रेषेत धरला तर झटक्याने टिपेट (फ्लायला बांधलेला बारीक दोरा) तुटतो, म्हणून रॉड थोडा तिरका ठेवा. मासा लागला तिथे थांबून मग कास्ट करा.

तळशोध्या:
ट्रोलिंग ठीक, पण ट्यूबची खरी मजा इंडिकेटरखाली (चावा दाखवणारा छोटा तरंगता गोळा) काइरोनोमिड प्यूपा (चिलटासारख्या किड्याच्या कोशासारखी फ्लाय) लावण्यात आहे. १२ ते १६ नंबरचा गळ. फ्लायला फोरसेप्स (गळ काढायचा चिमटा) अडकवून सरळ खाली सोडा. तळ लागला की पाण्याच्या पृष्ठभागापाशी लीडरवर (लाइन आणि फ्लायमधला दोरा) इंडिकेटर बसवा, मग तो ३० सेंटिमीटर फ्लायकडे सरकवा. फोरसेप्स काढायला विसरू नका! खोली तीन मीटरपेक्षा जास्त असेल तर मासा लागल्यावर जागेवरून सुटून सरकणाराच इंडिकेटर लागतो. पक्का बसवलेला रॉडच्या टोकाला अडतो आणि मासा जाळ्यापर्यंत येतच नाही.

यात ट्यूब वाहून चालत नाही, नाहीतर फ्लाय तिरकी वर येते. म्हणून मी दीड किलोचा नांगर सुचवेन.

संथलाट:
नवख्याला नांगर? अजिबात नको. वारा वाढला की ट्यूबची नांगर बांधलेली बाजू खाली ओढली जाते आणि दोर फिन्समध्ये गुंततो. इंडिकेटर लावायचा तर वाऱ्याकडे पाठ करून हळूहळू पाय मारत जागा धरा.

तळशोध्या:
मान्य, वारा असेल तेव्हा नकोच. शांत पाण्यातसुद्धा दोर खोलीच्या दुपटीहून लांब, एका झटक्यात सुटणारा क्लीट (दोर अडकवायची खुंटी) आणि हाताशी सुरी हवी.

उथळपाणी:
नांगर बाद. वारा नेमका किती चालतो? आणि फिन्स घालून चिखलातून आत कसं शिरायचं?

पाणकावळा:
निघताना वाऱ्याच्या विरुद्ध जा, म्हणजे पाय थकल्यावर वारा परत आणतो. काठाकडून तलावाच्या मध्याकडे वाहणारा वारा सर्वांत वाईट. पांढऱ्या फेसाच्या लाटा दिसल्या की निघा. ढग गडगडले तर त्याआधीच, हातात ग्राफाइटचा लांब रॉड आहे.

फिन्स पाण्याच्या कडेला चढवा, दोरीने घोट्याला बांधा आणि उलटे चालत आत जा. बाहेर येतानाही पाठमोरेच. मऊ गाळात पाय टाकून उभं राहू नका, फिन्स रुतून बसतात. ट्यूबचा तळ टेकेपर्यंत पाय मारत राहा.

तळशोध्या:
टोकाजवळचा उलटा काटा चेपलेले गळ वापरा, माशासाठी आणि ब्लॅडरसाठीही. हवा जातेय असं वाटलं तर व्हॉल्व्ह आणि शिवणीवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधा. घरी आल्यावर कव्हरची चेन उघडून आतली वाळू झटका. ब्लॅडर बहुतेकदा गळाने नाही, आत घासणाऱ्या वाळूने फुटतो.