एचआयव्हीची टीएलडी गोळी चालू असताना दुबई की लिस्बन? तपासणी, औषधं, कागदपत्रं

कुळागर: गोव्यातल्या बार्देशच्या एका ३४ वर्षांच्या तरुणासाठी विचारतो. बांबोळीच्या एआरटी (एचआयव्हीवरच्या उपचाराच्या) केंद्रातून ३ वर्षं टीएलडी चालू आहे, रोज रात्री ९ ला एक गोळी. शेवटचा व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) ५० च्या खाली. दुबईत हॉटेलात नोकरी ठरत आहे. दुसरीकडे वडिलांमुळे पुर्तुगेज नागरिकत्व मिळालंय, तिथलं ओळखपत्रही हातात आलंय. एजंट म्हणतो, महिनाभर गोळ्या थांबव, मग व्हिसाच्या मेडिकलमध्ये (आरोग्य तपासणीत) काही दिसणार नाही. खरं आहे का? आणि लिस्बनला गेला तर औषध कोण देणार?

मांडवीकाठ: आधी एजंटचं. गोळ्या एक दिवसही थांबवू देऊ नका. मेडिकलची चाचणी विषाणूचं प्रमाण मोजत नाही, शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं शोधते. ती उपचाराने जात नाहीत, त्यामुळे व्हायरल लोड कितीही खाली असला तरी चाचणी पॉझिटिव्हच येते. गोळ्या थांबवल्या की मात्र काही आठवड्यांत विषाणू पुन्हा वाढतो आणि औषधाला दाद न देण्याचा धोका तयार होतो. म्हणजे चाचणीत काही लपत नाही, वर तब्येत बिघडते.

गल्फमध्ये कामाच्या व्हिसासाठी इथे वाफिदचं, म्हणजे गल्फ देशांच्या ठरावीक तपासणी व्यवस्थेचं मेडिकल होतं (पूर्वीचं गामका). पॉझिटिव्ह आलं की 'अनफिट', आणि तो निकाल ऑनलाइन प्रणालीत चढतो. सौदी, कुवेत, ओमान, बहरीन, कतार, अमिरात, सहाही देशांसाठी हीच व्यवस्था. इथून कसाबसा सुटलाच, तर अमिरातीत उतरल्यावर रेसिडेन्सीसाठी पुन्हा रक्त घेतात आणि पॉझिटिव्ह आल्यास परत पाठवतात. तोवर एजंटचे पैसे गेलेले असतात. तेव्हा हा अर्ज करूच नये, असं माझं स्पष्ट मत.

एक हक्क माहीत असू द्या. भारतात २०१७ चा एचआयव्ही आणि एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. न्यायालयाच्या आदेशाशिवाय कोणालाही आपली स्थिती उघड करायला भाग पाडता येत नाही. एजंटने विचारलं म्हणून सांगायचं बंधन नाही. पण हा कायदा परक्या देशाच्या व्हिसाच्या नियमाला लागू होत नाही.

ओसरी: लिस्बनबद्दल. पुर्तुगालमध्ये एचआयव्हीमुळे प्रवेश किंवा वास्तव्य नाकारत नाहीत, आणि हा तर तिथला नागरिकच. तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत एआरटी मोफत आहे, पण ती कोपऱ्यावरच्या फार्मसीत मिळत नाही. रुग्णालयाच्या फार्मसीतून मिळते, तीही तिथल्या संसर्गरोग तज्ज्ञाच्या चिठ्ठीवर. लोक अडकतात ते इथेच. पोचले आणि दुसऱ्या दिवशी औषध हातात, असं होत नाही.

क्रम असा ठेवा. पोचल्यावर राहण्याचा पत्ता पक्का करून त्या भागातल्या आरोग्यकेंद्रात नोंदणी. कार्तांव द सिदादांवच्या (पुर्तुगेज ओळखपत्राच्या) पाठीवर आरोग्यसेवेचा उतेंत (रुग्ण) क्रमांक असला, तरी ही नोंदणी करावीच लागते. तिथल्या डॉक्टरकडून संसर्गरोग विभागाची शिफारस घ्यायची. लिस्बनमध्ये कुरी काब्राल रुग्णालयात हा विभाग आहे. भाषेची अडचण आली तर गाट ही रुग्णांच्या बाजूने काम करणारी संस्था मदत करते. आरोग्यसेवेची दूरध्वनी लाइन ८०८ २४ २४ २४.

ही भेट मिळायला आठवडे लागू शकतात, म्हणून इथून ९० गोळ्या, म्हणजे ३० च्या ३ बाटल्या नेल्याच पाहिजेत. तब्येत स्थिर असेल तर एआरटी केंद्र ३ महिन्यांचं औषध एकदम देऊ शकतं. समुपदेशकाला तारीख आधी सांगा. न सांगता गेलात तर उपचार सोडलेल्यांत नाव पडतं. पोस्टाने मागवायचा विचार नको, पार्सल कस्टममध्ये अडकतं.

सोबतचं डॉक्टरांचं पत्र इंग्रजीत हवं, आणि त्यात 'टीएलडी' हा शब्द पुरत नाही. टेनोफोव्हिर ३००, लॅमिव्हुडिन ३००, डोल्युटेग्राविर ५० मिलिग्रॅम असं पूर्ण लिहून घ्या. शेवटचा व्हायरल लोड, सीडी४ म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा (सर्वांत खाली गेलेलासुद्धा), क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी), आधी दुसरी गोळी होती का आणि का बदलली, हेही. हेपॅटायटिस बीचा अहवाल विसरू नका. टीएलडीसारखी एकत्र गोळी तिथे मिळेलच असं नाही, तिथले डॉक्टर दुसरी देतील. हेपॅटायटिस बी असेल आणि टेनोफोव्हिर नसलेली गोळी दिली, तर यकृताला तडाखा बसू शकतो. कस्टमला दाखवायला वेगळं पत्र घ्या, फक्त औषधांच्या नावांचं, त्यात निदान नको.

बोटवाला: पुढे इंग्लंडमधल्या स्विंडनला जायचा बेत असेल तर थांबा. १ जानेवारी २०२१ पासून पुर्तुगेज पासपोर्टवर इंग्लंडमध्ये सरळ काम करता येत नाही, व्हिसा लागतो. उपचाराची मात्र चिंता नाही, २०१२ पासून तिथे एचआयव्हीचं औषध इमिग्रेशन काहीही असलं तरी मोफत. सेक्शुअल हेल्थ क्लिनिकमध्ये शिफारसपत्राशिवाय जाता येतं. अमेरिकेने एचआयव्ही असलेल्यांवरची प्रवेशबंदी ४ जानेवारी २०१० ला उठवली, त्यामुळे बोटीवरच्या तारवट्यांना अमेरिकन व्हिसात यामुळे अडचण येत नाही. कंपनीचं मेडिकल मात्र वेगळं असतं.

कुळागर: खूप आभार सगळ्यांचे. गल्फमध्ये विमान बदललं तर तपासणी होते का? आणि तो ॲसिडिटीसाठी पातळ अँटासिड घेतो.

ओसरी: नुसतं विमान बदलणाऱ्यांचं रक्त तपासत नाहीत. तिन्ही बाटल्या हातातल्या बॅगेत, मूळ लेबलसकट. गोळ्या पुड्यांत काढू नका, झाकणाखालची ओल शोषणारी पुडी राहू द्या.

अँटासिडबद्दल बरं केलंत विचारलंत. त्यातलं मॅग्नेशियम-ॲल्युमिनियम डोल्युटेग्राविरला बांधून ठेवतं, औषध पोटात शोषलंच जात नाही. गोळी अँटासिडच्या २ तास आधी किंवा ६ तास नंतर घ्यायची. मधुमेहाची मेटफॉर्मिन चालू असेल तर तीही डॉक्टरांना सांगा, दिवसाला १००० मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये.

वेळेचं गणित: हिवाळ्यात लिस्बन साडेपाच तास मागे, उन्हाळ्यात साडेचार. रात्री ९ ची गोळी तिथे हिवाळ्यात दुपारी साडेतीनला येते. पहिल्या दिवशी त्याच वेळी घ्यायची, मग रोज एक तास पुढे सरकवत सोयीच्या वेळेवर आणायची. विसरलाच तर पुढच्या गोळीला ४ तासांपेक्षा जास्त उरले असतील तर लगेच घ्यावी, नाहीतर ती सोडून पुढची वेळेवर. दुप्पट कधीच नाही.