सॉफ्टवेअर असताना लेखापाल कशासाठी नेमावा?

प्रश्न
माझा व्यवसाय लहान असून माझ्यासह चौघेजण काम करतात. रोजची खरेदी, विक्री आणि खर्च मी रात्री स्वतःच सॉफ्टवेअरमध्ये भरतो. करविवरणपत्रापुरती वर्षातून एकदा बाहेरून मदत घेतो. गेली दोन वर्षे नफा-तोटा पत्रकात नफा दिसतो, तरीही पगाराच्या दिवशी बँकेतील शिल्लक अपुरी पडते. व्यावसायिक लेखापाल नेमल्याने यात फरक पडेल, की आणखी एक खर्च तेवढा वाढेल?

उत्तर १
नफा दिसणे आणि रोकड न पुरणे यात विसंगती नाही. ६० ला रोखीने घेतलेला माल १०० ला उधारीवर विकला, की ४० चा नफा त्याच दिवशी पत्रकात उमटतो. गल्ल्यातून मात्र ६० गेलेले असतात आणि १०० केव्हा येतील हे ग्राहकाच्या हाती असते. त्यातच कर्जाच्या मुद्दलाची परतफेड आणि मालकाची उचल नफा-तोटा पत्रकात दिसतच नाहीत, कारण हिशेबाच्या दृष्टीने ते खर्च नव्हेत. सॉफ्टवेअर बेरीज अचूक करते, पण यंत्राची खरेदी दुरुस्तीच्या खात्यात पडली तर ते हरकत घेत नाही. नावे आणि जमा जुळतात, नफा मात्र चुकतो. (प्रत्येक व्यवहार एका खात्यात नावे आणि दुसऱ्यात जमा लिहिण्याची व्हेनिसच्या व्यापाऱ्यांची दुहेरी नोंद पद्धत इटालियन गणितज्ञ लुका पाचोली यांनी १४९४ साली छापून प्रसिद्ध केली, तिची ही मर्यादा तेव्हाही होती.) जाणता लेखापाल प्रथम येणी, म्हणजे ग्राहकांकडून यायच्या रकमा, किती दिवसांची आहेत ते मांडेल, आणि ९० दिवसांपलीकडची उधारी वेगळी काढली की आपल्या पगाराचे पैसे कुठे अडकले आहेत याचा बराचसा उलगडा होईल.

उत्तर २
मी व्यावसायिक आहे, लेखापाल नाही. मला लेखापालाचा सर्वाधिक उपयोग दर ठरवताना झाला. वरच्याच उदाहरणात १० टक्के सूट दिली तर ढोबळ नफा ४० वरून ३० वर येतो, म्हणजे चतुर्थांशाने घटतो, आणि तेवढाच नफा मिळवायला मालाचे नग एक तृतीयांशाने अधिक विकावे लागतात. मी अनेक वर्षे सूट देत होतो, हे गणित मात्र कधी मांडले नव्हते. तथापि चौघांच्या व्यवसायाला पूर्णवेळ माणूस लागत नाही. रोजच्या नोंदी आपणच कराव्यात आणि महिन्यातून एक-दोन दिवस लेखापालाला द्यावेत. वर्ष संपल्यावर गाठलेला लेखापाल फक्त झालेले सांगू शकतो.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. महिन्याला एक-दोन दिवसच मिळणार असतील, तर त्यांच्याकडून नेमके काय करून घ्यावे?

उत्तर १
बँक जुळवणी (आपल्या नोंदी बँकेच्या विवरणाशी ताडून पाहणे), येणी-देण्यांची यादी आणि पुढील तीन महिन्यांचा रोकड अंदाज, एवढे दर महिन्याला मागावे. मालसाठ्याची प्रत्यक्ष मोजणी तिमाहीला चालेल. एक पथ्य मात्र पाळावे: रोकड हाताळणाऱ्यानेच बँक जुळवणी करू नये, मग तो कितीही विश्वासू असो. आपल्याकडे सध्या दोन्ही कामे आपणच करता, म्हणून प्रारंभ तेथूनच करावा आणि पहिल्या भेटीपूर्वी घरखर्चाचे खाते व्यवसायाच्या खात्यापासून वेगळे करावे, अन्यथा त्यांचा पहिला दिवस तेवढे निवडण्यातच जाईल.