मदत हवी आहे: सॅकव्हिल स्ट्रीट गेला कुठे?

चकवा: जरा लवकर सांगा, शनिवारच्या आत हवंय. घरमालकीणबाईंकडे एक जुनं रंगीत पोस्टकार्ड आहे, त्यांच्या आजीला आलेलं. त्याच जागी उभं राहून आजचा फोटो काढायचा आणि दोन्ही एका फ्रेममध्ये घालून त्यांना ८० व्या वाढदिवसाला द्यायचे, असा बेत. कार्डावर 'सॅकव्हिल स्ट्रीट' छापलंय. नकाशात फक्त सॅकव्हिल प्लेस नावाची गल्ली सापडली. काल तिथे पाऊण तास पावसात उभा होतो. काहीही जुळत नाही, कार्डावरचा रस्ता मैदानाएवढा रुंद आहे.

निशिगंध: सॅकव्हिल स्ट्रीट लंडनला आहे, पिकॅडिलीला लागून. माझा भाऊ जवळच कामाला आहे, त्याला फोटो काढायला सांगू का?

चकवा: लंडन कुठून आलं मध्येच? मी डब्लिनला आहे.

निशिगंध: धाग्यात हे कुठे लिहिलंय?

चकवा: प्रोफाइलमध्ये आहे.

पेन्शनर: अहो, चित्रात काय दिसतंय ते तरी लिहा. आणि मागचं तिकीट कसलं?

चकवा: दुमजली ट्राम, घोडागाड्या. पुढे एक पुतळा, लांबवर एक उंच खांब, त्यावरही कुणीतरी उभं आहे. तिकीट हिरवं, अर्ध्या पेनीचं, दाढीवाला राजा.

पेन्शनर: दाढी बापलेक दोघांनाही होती. टकला असेल तर सातवा एडवर्ड, केस असतील तर पाचवा जॉर्ज.

चकवा: केस आहेत.

पेन्शनर: मग कार्ड १९११ ते १९१८ मधलं. १९१८ ला पोस्टकार्डाचा दर एक पेनी झाला. खांब म्हणजे इंग्रज नौसेनापती नेल्सनचा. सॅकव्हिल स्ट्रीटचं नाव १९२४ साली बदललं, आता तो ओ'कॉनल स्ट्रीट. ओ'कॉनल पुलावर उत्तरेकडे तोंड करून उभे राहा. पुतळा समोरच दिसेल.

चकवा: हा रस्ता?? मी रोज तिथूनच बस पकडतो!

खटपट्या: फोन चांगला असेल तर कार्ड स्कॅन करून ॲपमध्ये टाका. रंग इतके झकास येतात की कालचाच फोटो वाटतो.

काचपट्टी: कृपा करून नको. मुळात कार्डाचे रंगही छापखान्यातले, कॅमेऱ्यातले नव्हेत. त्या काळातला खरा रंगीत आयर्लंड बघायचा तर १९१३ मध्ये दोन फ्रेंच बायकांनी गॉलवेला काढलेले ऑटोक्रोम, म्हणजे काचेवरचे सुरुवातीचे रंगीत फोटो, बघा. आणि पेन्शनरकाका, तिकिटावरून टपालाचं वर्ष कळतं, फोटोचं नाही. डब्लिनच्या लॉरेन्सच्या फोटो स्टुडिओसारखे लोक जुन्या काचांवरून (काचेच्या निगेटिव्हवरून) वर्षानुवर्षं कार्डं छापायचे. ट्रामवर तारा आहेत का?

चकवा: आहेत.

काचपट्टी: म्हणजे घोड्याच्या ट्राम जाऊन विजेच्या आल्यानंतरचा. डब्लिनात हा बदल १८९६ ते १९०१ मध्ये झाला. राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर लॉरेन्सच्या काचा फुकट बघता येतात, सुमारे ४०,००० आहेत. त्याचं दुकान याच रस्त्यावर होतं. इंग्रजांविरुद्धच्या १९१६ च्या उठावात ते लुटलं गेलं, जळालं. लोकांच्या तसबिरींच्या काचा गेल्या, गावांच्या आणि रस्त्यांच्या दुसरीकडे ठेवलेल्या म्हणून वाचल्या. तुमच्या चित्रात उजवीकडच्या इमारती जुळणार नाहीत, त्याही त्याच आठवड्यातल्या तोफांनी आणि आगीने गेल्या.

पेन्शनर: मी टपालाचंच वर्ष सांगितलं होतं.

गिरगावकर: नेल्सनला १९६६ मध्ये स्फोटाने उडवलं. आपण मात्र काळ्या घोड्याला राणीच्या बागेत नेऊन ठेवला. आमचे वडील सांगायचे...

नवखा२५: डब्लिनला एक बेडरूमचं घर कितीला पडतं? जानेवारीत येतोय.

चकवा: आत्ताच जाऊन आलो. पुतळा तंतोतंत जुळला. खांबाच्या जागी आता ती १२० मीटरची सुई, म्हणजे स्पायर नावाचा स्तंभ, आहे. कार्डाची चौकट धरली की तिचं टोक कापलं जातंय. काय करू?

काचपट्टी: कापू दे. घरमालकीणबाईंना खांब बघायचा आहे, सुई रोजच दिसते.