चर्चा: साडी कपाटात असते तेव्हा कला, की अंगावर?

रंकाळाकाठी
माझं मत आधीच सांगतो, मग हाणा. कापड, दागिना, चप्पल अंगावर चढेपर्यंत अर्धवटच. काचेआड टांगलेल्या नऊवारीत फक्त विणकाम दिसतं. निऱ्या आणि काष्टा पडला की ती उभी राहते.

नवरात्रात अंबाबाईची पूजा बघा. मूर्ती पाषाणाची, उभी. हातात म्हाळुंग, गदा, ढाल, पानपात्र. पण पूजा बांधणारे साडीच्या घड्या अशा बसवतात की देवी सिंहासनावर बसलेली दिसते. दगड तोच, रूप रोज नवं. पूजा कोणी बांधली त्यांची नावंही पेपरात छापून येतात. म्हणजे नेसवणाराही कलाकार, हे कोल्हापूरनं केव्हाच मान्य केलंय.

सुईदोरा
पूजेचं उदाहरण चालणार नाही. मूर्तीला जिना चढायचा नसतो, घाम येत नाही.

आणि 'अंगावर चढलं की पूर्ण' म्हटलं की बनवणारा मागे पडतो. जून 2025 मध्ये मिलानच्या रॅम्पवर प्राडा या इटालियन फॅशन कंपनीनं हुबेहूब कोल्हापुरी मॉडेलच्या पायात घातली. 2019 पासून जीआय (भौगोलिक मानांकन) आहे, तरी कोल्हापूरचं नाव नाही. नुसतं 'लेदर सँडल'. ओरड झाल्यावर कबुली आली. हिरडा आणि बाभळीची साल वापरून कमावलेलं कातडं, खिळा न मारता वादीनं शिवलेला तळ, कान, वर वेणी. ही जोडी कोल्हापुरातल्या सुभाषनगरातल्या कारागिराच्या हातातून सुटते तेव्हाच पूर्ण असते. पाय कुणाचा का असेना.

पेठेतला_गडी
भावा, नवी कोल्हापुरी आधी चावते. तेल पाजा, चार दिवस लंगडा, मग कुठं ती पायाला बसते. दुकानातली जोडी आणि माझी जोडी शेजारी ठेव आणि सांग, एकच आहेत?

सुईदोरा
त्याला झीज म्हणतात.

तिसरी_निरी
चित्रकार म. वि. धुरंधर आपल्या कोल्हापूरचेच, जन्म 1867. त्यांनी रंगवलेल्या बायका बघा. पदर कुठून आला, कुठं खोचला, यावरून बाई कुठली, कामाला निघालीय की समारंभाला, ते कळतं. नुसतं कापड रंगवून हे साधत नाही, खालचं अंग माहीत असावं लागतं. इथपर्यंत मी रंकाळाकाठींच्या बाजूची.

पण गंमत अशी की नेसणार आम्ही, बघणार तुम्ही आणि कला कशाला म्हणायचं तेही तुम्हीच ठरवणार. नेसणारीच्या डोक्यात त्या वेळी निरी सुटू नये एवढंच असतं. आणि शिवलेल्या नऊवारीचं काय? पाय घातले, नाडी बांधली, झालं. तयार फेटाही टोपीसारखा डोक्यावर ठेवता येतो. मग कलाकार कोण, शिंपी?

सुईदोरा
अर्थात शिंपी! सपाट कापडातून काष्ट्याचा झोळ कापून काढायला डोकं लागतं. त्याला कुणी विचारत नाही, कारण तो दुकानात बसतो, गॅलरीत नाही.

रंकाळाकाठी
शिवलेली नऊवारी मला मान्यच नाही. प्रत्येकीच्या अंगावर तीच घडी, तोच काष्टा. तयार फेटा तर त्याहून वाईट. बांधलेल्या फेट्याचा तुरा आणि शेमला बांधणाऱ्याच्या हातागणिक बदलतो, तीच तर मजा.

पेठेतला_गडी
फेट्यापुरता मी ह्याच्या बाजूनं. नाद करायचा नाय.

तिसरी_निरी
मग रंकाळाकाठी, पुढच्या लग्नसराईत पहाटे पाचला हॉलवर या. वीस करवल्या, आरसा एक, मुहूर्त सव्वासातचा. पिना मी आणते, तुम्ही नेसवा.