कॅनडा गूजचे दोन पक्षी केले ते शास्त्र की यादी वाढवायची हौस?

दुर्बीणवाला: काल इथे कुणीतरी ठोकून दिलं की २००४ साली कॅनडा गूजमधून (उत्तर अमेरिकेतला काळ्या मानेचा पाणपक्षी) कॅकलिंग गूज ही वेगळी प्रजाती काढली ती निव्वळ पक्षीनिरीक्षकांच्या याद्या फुगवायला. वाचून डोकं तापलं. मोठ्या सात उपप्रजाती कॅनडेन्सिसमध्ये, म्हणजे कॅनडा गूजमध्ये राहिल्या, छोट्या चार हचिन्सीत, म्हणजे कॅकलिंगमध्ये गेल्या. छोट्यांतली मिनिमा दीड किलोच्या आत-बाहेर, मोठ्यांतली मॅक्सिमा पाच किलोच्या पुढे. मायटोकाँड्रियल डीएनएतही दोन फांद्या स्पष्ट दिसतात. याला हौस म्हणायचं?

पाणथळ: ते मीच लिहिलं, मागे घेणार नाही. दोन टोकं दाखवून काय होतं? मधल्या आकाराचे पार्विपिस (कॅनडातला) आणि टॅव्हर्नेरी (कॅकलिंगमधला) शेजारी उभे करून ओळखा बघू! अमेरिकेत ओरेगॉनला विलामेट खोऱ्यात थंडीत तीन तास कुडकुडून आखूड चोचीचा पक्षी टिपला, कॅकलिंग म्हणून नोंदवला. तपासणाऱ्यानं पार्विपिस ठरवून नोंद उडवली. आणि तो डीएनए फक्त आईकडून येतो, संकराचा हिशेब त्यात कुठे आहे?

शब्दवेडा: आधी 'गूज' म्हणणं थांबवा. मराठीत गूज मनातलं असतं. कलहंस शब्द काय वाईट आहे?

दुर्बीणवाला: कलहंस म्हणजे ग्रेलॅग गूज, अँसर वंशातला. हा काळ्या मानेचा ब्रँटा. वंशच वेगळा!

शब्दवेडा: लिनियसनं १७५८ मध्ये याला अ‍ॅनास म्हणून बदकांत बसवलं होतं. त्याला माफ, आणि आम्ही कलहंस म्हटलं की गुन्हा? भाषांतरांत स्वान, गूज, फ्लेमिंगो सगळेच राजहंस झालेत, तेव्हा कुणी तोंड उघडत नाही. वर्षानुवर्षं हेच सांगतोय.

काठावरची: नावांचं भांडण पुरे. फरसाठी सोडलेल्या कोल्ह्यांनी अलास्काच्या अ‍ॅल्युशियन बेटांवरचा छोटा ल्यूकोपारेया (आता कॅकलिंगमधली उपप्रजाती) जवळपास संपवला होता. १९६२ मध्ये बल्डिर बेटावर थोडे सापडले, बेटांवरचे कोल्हे हटवले, २००१ मध्ये पक्षी अमेरिकेच्या संकटग्रस्त यादीतून बाहेर आला. वेगळेपण मानलं म्हणून वाचला.

पाणथळ: पण तेव्हा तो कॅनडा गूजचीच उपप्रजाती होता ना! २००१ आधी येतं की २००४?

दुर्बीणवाला: हे बिनतोड आहे, कबूल करायला जिवावर येतंय. संवर्धनासाठी फाळणी लागली नाही. तरी डीएनएचं माझं म्हणणं सोडत नाही.

पाणथळ: मग मीही एक देतो, मिनिमाबद्दल वाद नाही, तो वेगळा दिसतोच. आता विलामेटचे फोटो टाकतो. चोच नीट बघा आणि पार्विपिस की टॅव्हर्नेरी ते सांगा.

शब्दवेडा: कलहंस लिहिणार असाल तर मीही बघतो.