कोलेस्टेरॉलची गोळी: एका रिपोर्टवरून जन्मभरासाठी?

रानवारा:
दादाच्या सोसायटीत रक्ततपासणीचं शिबिर होतं. वय ४४, बीपी नाही, साखर नाही, तंबाखू नाही. एलडीएल, म्हणजे ज्याला वाईट कोलेस्टेरॉल म्हणतात ते, १७८ आलं. डॉक्टरांनी नाडीसुद्धा न बघता रोजुवास्टॅटिन १० ही कोलेस्टेरॉल कमी करणारी, स्टॅटिन गटातली गोळी लिहून दिली, पुढे शब्द एकच: "कायम". आता वहिनीने वरणभातावरचं तूप बंद केलंय आणि दादा जिना चढताना छातीवर हात ठेवतो. धडधाकट माणूस एका कागदाने आजारी झाला.

माझं मत स्पष्ट आहे. ज्याला हृदयाचा कसलाही त्रास नाही त्याला एका आकड्यावरून जन्मभराची गोळी देऊ नये. कोलेस्टेरॉल म्हणजे विष नव्हे. पेशींचं आवरण, पित्त, कित्येक हार्मोन्स त्यातूनच बनतात, म्हणून तर यकृत ते स्वतः तयार करतं. तो कारखाना बंद पाडायच्या आधी शंभरदा विचार नको का?

चाफेकळी:
पूर्ण असहमत. रागाने नाही, काळजीने लिहितेय.

"हृदयाचा काही त्रास नाही" असं आमच्या घरातही म्हणायचे. बाबा ४१व्या वर्षी शेतातून आले, ओसरीवर टेकले ते उठलेच नाहीत. भाऊ ३६चा झाला तेव्हा त्याच्या टाचेमागची शीर दोरखंडासारखी जाड झाली होती. आम्ही समजत होतो, चपलेचा घट्टा असेल. बोटांच्या पेरांवरही टणक गाठी. एका डॉक्टरीणबाईंनी त्याचा हात हातात घेऊन त्या दाबून पाहिल्या आणि पहिला प्रश्न विचारला, "वडील कशाने गेले?" एलडीएल निघालं २९०. ती जाड शीर, त्या गाठी, सगळं साचलेलं कोलेस्टेरॉलच. आजाराचं नाव फॅमिलियल हायपरकोलेस्टेरोलेमिया, म्हणजे घराण्यातून आलेलं जास्त कोलेस्टेरॉल. साधारण अडीचशे-तीनशे माणसांत एकाला असतो, आणि बहुतेकांना पत्ताच नसतो.

त्यांनी चिठ्ठीच्या मागे यकृत काढून समजावलं. यकृताच्या पेशींवर रक्तातलं एलडीएल ओढून घेणारे रिसेप्टर असतात. अमेरिकेत डॅलसला ब्राउन आणि गोल्डस्टाइन यांनी ते शोधले, १९८५ला नोबेल मिळालं. आमच्या घराण्यात ते रिसेप्टर बनवणाऱ्या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक खराब, म्हणून रिसेप्टर जवळपास निम्मेच, आणि एलडीएल जन्मापासून रक्तातच साचत राहतं.

आणि रानवारा, कारखाना बंद पडत नाही हो. स्टॅटिन यकृतातलं एक एन्झाइम अडवतं, तिथलं उत्पादन कमी होतं. मग यकृत तूट भरून काढायला आणखी रिसेप्टर बाहेर काढतं आणि रक्तातलं एलडीएल आत खेचतं. खरा फायदा या खेचण्यात आहे. जोडीला एझेटिमाईब आहे, ती आतड्यातून कोलेस्टेरॉल शोषू देत नाही. दोन्ही मिळून भाऊ आज १०४वर आहे. त्याच्या धाकट्या लेकीचं २१० आलंय. अकरा वर्षांची आहे ती. तिचं काय तूप बंद करायचं?

रानवारा:
ताई, वाचून गलबलून आलं. तुमच्या भावाने गोळी घ्यायलाच हवी, वाद नाही. पण आमच्याकडे आजोबा ८८ वर्षं जगले, बाबा ७२व्या वर्षी सायकल चालवतात. दादाला त्याच रांगेत का उभं करायचं?

आबा_७१:
मी रानवाराच्या बाजूने. अ‍ॅटोरवास्टॅटिन चालू केली आणि दोन महिन्यांत मांड्या अशा भरून यायला लागल्या की भारतीय बैठक सुटली. स्वतःच बंद केली. हे औषध निरुपद्रवी आहे असं मला कोणी सांगू नये. सेरिवास्टॅटिन २००१मध्ये बाजारातून काढून घ्यावं लागलं ते स्नायू विरघळून माणसं दगावली म्हणूनच.

गल्ल्यामागून:
माझं औषधाचं दुकान आहे, वीस वर्षं झाली. दोन्ही बाजूंची माणसं रोज समोर उभी असतात, म्हणून लिहितो.

आबा, सेरिवास्टॅटिनचं खरंय. तुमचं दुखणंही खरंच असणार. पण २०२०ला इंग्लंडमधला एक प्रयोग आला. त्रासामुळे स्टॅटिन सोडलेली ६० माणसं घेतली. कुठल्या महिन्यात स्टॅटिन, कुठल्या महिन्यात तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी, कुठल्या महिन्यात काहीच नाही. स्टॅटिनवर जेवढा त्रास नोंदवला, त्याच्या ९० टक्के त्रास बिनऔषधाच्या गोळीवरही झाला. सगळ्यांचंच असं असतं असं नाही. पण परस्पर बंद करण्याआधी सीपीके (स्नायूंना इजा झालीय का ते सांगणारी रक्ततपासणी) करून घ्या, दुसरं स्टॅटिन कमी डोसवर बघा. तुमच्या छातीत स्टेंट असेल तर हे उद्याच करा.

फायदा किती, ते माणसावर ठरतं. १९९४मध्ये स्कँडिनेव्हियातल्या ४,४४४ हृदयरोग्यांवरचा अभ्यास आला. साडेपाचेक वर्षांत बिनऔषधाच्या गटात १२ टक्के माणसं गेली, सिमवास्टॅटिनच्या गटात ८ टक्के. शंभरात चार जीव, हे फार मोठं आहे. पण ज्याचा धोकाच थोडा, त्याचा पाच-दहा वर्षांतला फायदाही थोडाच. साखर सीमेवर असेल तर स्टॅटिनने माणूस मधुमेहाकडे थोडा ढकललाही जातो. इथे रानवारांचं म्हणणं मला पटतं.

पण रानवारा, दादाची टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, केली का? थायरॉइड मंदावलं की यकृतावरचे रिसेप्टर कमी होतात आणि एलडीएल चढतं. माझ्याकडच्या एका बाई वर्षभर स्टॅटिन घेत होत्या. थायरॉइडची गोळी सुरू झाली आणि एलडीएल आपोआप खाली आलं. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली दुसऱ्या प्रकारची चरबी, किती तेही बघा. ते ४००च्या वर असेल तर हिशेबाने काढलेलं एलडीएल भरवशाचं नसतं, आणि ५००च्या वर गेलं तर स्वादुपिंडाला सूज येण्याची भीती. तिथे फेनोफायब्रेट हे वेगळं औषध लागतं. "कोलेस्टेरॉलची गोळी द्या" म्हणून चिठ्ठीविना मागणारे बरेच येतात, मी देत नाही, ते यासाठी.

रानवारा:
टीएसएच कोणी केलीच नव्हती. ट्रायग्लिसराइड १४०. ठरवलंय असं: या आठवड्यात टीएसएच, तीन महिने चालणं आणि जेवण सांभाळणं, मग पुन्हा लिपिड प्रोफाइल, आणि तेव्हा नीट वेळ देणाऱ्या डॉक्टरांकडे. त्यांनीही गोळी घ्या म्हटलं तर मी आड येणार नाही. पण माणसाला हात न लावता "कायम" लिहिणं चूकच, हे मी सोडणार नाही.

चाफेकळी:
त्यावर आपलं एकमत. फक्त तीन महिन्यांचे तीन वर्षं होऊ देऊ नका. एलडीएल १९०च्या वर गेलं की आमच्यासारख्या घराण्यातल्या आजाराचा संशय घेतात, आणि १७८ म्हणजे त्याच्या अगदी उंबऱ्यावर. आणि आज संध्याकाळी दादाला पालथं झोपवून त्याच्या टाचांमागून एकदा अंगठा फिरवा.